परदेशातून येणारं खाणं: कोकणातल्या गिऱ्हाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं दुकान किराण्याचं आणि काजूचं, सिंधुदुर्गातल्या बाजाराच्या गावात. इथे गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची: घेणारी आणि विकणारी. फेब्रुवारी ते मे या दिवसांत तर बरेचदा एकच माणूस दोन्ही कामांसाठी येतो. काजूची बी घालायची, म्हणजे आम्हाला विकायची, आणि परत जाताना तेलाचा डबा न्यायचा. त्यामुळे बाहेरच्या देशांतून येणाऱ्या मालाबद्दलचे प्रश्नही दोन्ही बाजूंनी येतात. सकाळीच कुणी "बाहेरचा माल बंद करा" म्हणतो आणि संध्याकाळी तोच "तेल एवढं महाग का?" असं विचारतो. गल्ल्यावर उभ्या उभ्या सगळं सांगता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवलंय.

आम्ही साधं जेवण जेवतो. आमच्या घरात परदेशी असं काय येणार?

बरंच काही. तांदूळ आपला, कुळीथ आपले, नारळ आपला, सोलं तर घरचीच. पण आमटीतली तूरडाळ म्यानमार, मोझांबिक, टांझानिया किंवा मलावीतून आलेली असू शकते. मसूर कॅनडा-ऑस्ट्रेलियाची. मिसळीतला आणि रगड्यातला पांढरा वाटाणा बहुतेक वेळा कॅनडा किंवा रशियाचा. फोडणीत पडणारं तेल इंडोनेशिया, मलेशिया, अर्जेंटिना, ब्राझील, रशिया, युक्रेन यांपैकी कुठूनही आलेलं. हिंग अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानचा. आपल्या देशात हिंगाची रोपं पद्धतशीर लावायला सुरुवातच झाली ऑक्टोबर २०२० मध्ये, हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात. तेव्हा "आमच्या घरात परदेशी काही चालत नाही" असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांनी आधी फोडणीचा डबा उघडून पाहावा.

कोकणात एवढा काजू होतो, मग आफ्रिकेतून कशाला आणतात?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि रागाने विचारला जाणारा.

देशात काजूची बी फोडून गर काढण्याची कारखान्यांची जेवढी ताकद आहे, तेवढी बी देशात पिकत नाही. बी कमी आणि खाणारी तोंडं जास्त. भारतात काजू नुसता पिकत नाही, तो खाल्लाही प्रचंड जातो. म्हणून कच्ची बी आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन, गिनी-बिसाऊ, टांझानिया इथून जहाजाने येते. तिच्यावर मूळ आयात शुल्क २.५ टक्के, म्हणजे जवळजवळ नावापुरतंच.

दुसरं कारण हंगामाचं. आपली बी येते फेब्रुवारी ते मे. कारखाना मात्र बारा महिने चालवावा लागतो, कारण फोडणीला, सोलणीला, निवडायला बसणाऱ्या बायका महिन्याच्या पगारावर घर चालवतात. वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवणकडे आणि घाटावर आजरा-चंदगडला पावसाळ्यात जी सोलणी चालते, त्यातली बरीचशी बी बाहेरून आलेली असते. वर्षभराची बी एप्रिल-मेमध्येच घेऊन ठेवायची तर हाताशी रोकड लागते. लहान कारखानदाराला बँक तेवढं भांडवल देत नाही.

इथपर्यंत आयातीची बाजू. आता शेतकऱ्याची. आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचा हंगामही साधारण फेब्रुवारी ते जूनचाच, म्हणजे नेमका आपल्यावर येऊन आदळणारा. टांझानिया आणि मोझांबिक यांचा हंगाम मात्र ऑक्टोबरपासून पुढे, आपली खळी रिकामी असताना. मला विचाराल तर सगळ्या आयातीला एकाच मापाने मोजण्यातच चूक होते. पूर्व आफ्रिकेची बी आपल्या कारखान्यांना पावसाळ्यानंतर तगवते. पश्चिम आफ्रिकेची बी, आणि त्याहून जास्त म्हणजे गोदामात पडून राहिलेला गेल्या साली आणलेला साठा, एप्रिलमध्ये आपला भाव पाडतो. ज्याच्या गोदामात दोन महिन्यांचा माल आहे, तो घासाघीस करताना थांबू शकतो. ज्याच्या घरात जूनमध्ये मुलांची फी भरायची आहे, त्याला थांबता येत नाही.

मग आयात बंद केली तर आपल्या बीला भाव मिळेल का?

एखाद्या हंगामात मिळेल. पण बी मिळत नाही म्हणून कारखाने बंद पडले, तर पुढच्या साली ती बी घ्यायला बाजारात असणार कोण? शुल्क वर्षभर सारखं न ठेवता फेब्रुवारी ते जून वाढवायचं आणि पुढे उतरवायचं, असं काही केलं तर त्यात अर्थ आहे, असं माझं मत. सोललेल्या गरावर सरकारने आधीच एक बांध घातलाय. २०१९ पासून अख्खा गर किलोला ७२० रुपयांपेक्षा आणि तुकडा ६८० रुपयांपेक्षा स्वस्तात आयात करता येत नाही. हा बांध घातला नसता तर व्हिएतनामचा तयार गर थेट आला असता आणि शेतकरी व कारखानदार दोघेही एकदम बसले असते. आता कच्च्या बीचा प्रश्न तेवढा राहिलाय.

"हो काजू गावचो मां?" हे ओळखायचं कसं?

साल निघालेला गर हातात घेऊन कुणी "हा आफ्रिकेचा, हा वेंगुर्ल्याचा" असं सांगत असेल तर त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका. कारखान्यात दोन्ही एकाच भट्टीतून, एकाच ट्रेवरून जातात. काही खुणा आहेत, पण त्या खुणाच, पुरावा नव्हे.

वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींची बी मोठी असते, त्यामुळे गरही जाड आणि मोठा निघतो. तांबूस साल राखून भाजलेला काजू घेतला तर तो गावचा असण्याची शक्यता जास्त, कारण तो बहुतेक घरगुती किंवा लहान कारखान्यातला असतो. पाकिटावर वेंगुर्ला काजूचं भौगोलिक मानांकन छापलेलं असेल तर उत्पादकाचं नाव आणि नोंदणी वाचा. आणि सोपा उपाय: बी घेणारा तोच गर विकत असेल, तर एप्रिलमध्ये त्याच्या खळ्यावर एकदा चक्कर टाका. गोणपाटावर बी वाळत असेल आणि बाजूला अडकित्त्याने चिरून पाहिलेल्या बियांचा ढीग असेल, तर बरंच काही कळतं. चांगली वाळलेली बी हातात घेऊन हलवली की खुळखुळते. चिरली की आत गर पांढरा आणि भरीव हवा, पिवळा किंवा सुरकुतलेला नको. आमच्याकडे मूठभर बी अशी चिरून पाहिल्याशिवाय भाव बोलला जात नाही. किलोभर गर काढायला साडेतीन-चार किलो बी लागते, त्यामुळे मुठीत दोन खराब निघाल्या तरी हिशोब बदलतो.

डिसेंबरमध्ये हापूस कसा काय मिळतो? तो खोटा असतो का?

खोटा नसतो, मलावीचा असतो. मलावी विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिथे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आंबा पिकतो आणि विमानाने मुंबईत येऊन वाशीच्या बाजारात उतरतो. तिथल्या बागा कोकणातून नेलेल्या हापूसच्या काड्यांवर उभ्या राहिल्या आहेत, त्यामुळे दिसायला आणि वासाला तो जवळचाच वाटतो. दिवाळीनंतर आंबा खायची हौस असेल आणि भाव परवडत असेल तर खुशाल खा. आमच्या आंब्याला त्याचा थेट फटका बसत नाही, कारण तेव्हा आपल्या झाडांवर जेमतेम मोहोर असतो.

अडचण येते ती नावाची. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यासाठी. मलावीचा आंबा "मलावीचा" म्हणून विकला तर कुणाचीच तक्रार नाही. पेटीवर "देवगड" लिहिलं की तिथे फसवणूक सुरू झाली. खरं सांगायचं तर या बाबतीत मलावीपेक्षा शेजारच्या राज्यांतून येणारा आंबा आपल्याला जास्त छळतो. तो तर आयातही नाही, आणि तो नेमका एप्रिल-मेमध्ये आपल्याच पेट्यांत भरला जातो. म्हणूनच देवगडच्या बागायतदारांनी २०२५ च्या हंगामापासून फळाफळावर वेगळा क्रमांक असलेलं सील लावायला सुरुवात केली. पेटी घेताना ते पाहायची सवय लावून घ्या.

सुपारीचं काय? श्रीवर्धनची सुपारी असताना बाहेरची येते?

येते, आणि त्यातली बरीच चोरवाटेने येते. सुपारीवर आयात शुल्क १०० टक्के आहे. शिवाय फेब्रुवारी २०२३ पासून किलोला ३५१ रुपयांपेक्षा कमी दराची सुपारी आणायला मनाई आहे. नियम कडक असले की पळवाटा निघतातच. भाजलेली सुपारी म्हणून आणायची एक वाट होती. २०२५ मध्ये तिलाही ३५१ ची मर्यादा लावली. दुसऱ्याच मालाच्या नावाखाली कंटेनरमध्ये भरून आणलेली सुपारी न्हावा शेव्याच्या बंदरात सीमाशुल्क विभागाने अनेकदा पकडली आहे.

श्रीवर्धन-मुरूड पट्ट्याला ही गोष्ट जास्त लागते, कारण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिथल्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं नवीन झाड धरायला पाच-सहा वर्षं सहज जातात. एवढ्या काळात व्यापाऱ्याने दुसरीकडून माल घ्यायची सवय लावून घेतली की रोठा, म्हणजे श्रीवर्धनची सुपारी, परत आली तरी तिला आपली जागा पुन्हा मागावी लागते.

तेलाचे भाव असे अचानक का उडतात?

कारण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं आणि सूर्यफुलाच्या तेलाची वाट अडली. त्याचं काही होतंय तोवर २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच थांबवली. ती २३ मे रोजी परत उघडली. त्या पंचवीसेक दिवसांत आमच्यासारख्या दुकानात भाव रोज बदलत होते आणि गिऱ्हाइकाला वाटत होतं, दुकानदारच साठा करून बसलाय.

सरकारी शुल्कही तसंच वर-खाली होतं. कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के केलं. शेतकऱ्याच्या सोयाबीनला भाव मिळावा म्हणून. महागाई बोचू लागली तसं मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणलं. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत. कोकणात मात्र तेलबिया पिकवणारे फारसे कुणी नाहीत, त्यामुळे आपण या खेळात फक्त गिऱ्हाईक. त्यातल्या त्यात पर्याय खोबरेल तेलाचा आणि गावच्या घाण्यावर काढलेल्या शेंगदाणा तेलाचा. पण तळणीला ते रोज परवडेल असं म्हणणं म्हणजे थाप.

कुणी विचारतं, सोयाबीन तेल जीएम असतं का? अर्जेंटिना-ब्राझीलचं बहुतेक सोयाबीन जनुकीय बदल केलेलं असतं, आणि त्याच्या तेलाला आपल्याकडे परवानगी आहे. देशातलं सरकीचं तेलही बीटी कापसाचंच असतं.

डाळ-वाटाणे बाहेरून आले तर आपलं काय बिघडतं?

कोकणातल्या घराचं फार काही बिघडत नाही, उलट रगडा-पॅटिसच्या गाडीवाल्याचं भलंच होतं. बिघडतं ते विदर्भ-मराठवाड्यातल्या तूर आणि हरभरा उत्पादकाचं. पिवळ्या वाटाण्यावरचं शुल्क डिसेंबर २०२३ मध्ये काढलं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के लावलं. मधल्या काळात स्वस्त वाटाण्याचं पीठ बेसनात मिसळलं जात असल्याची ओरड होती. भजी वेगळी लागली तर उगाच तेलाला दोष देऊ नका.

आपल्याकडे भात कापल्यावर मळ्यात कुळीथ, वाल, चवळी घ्यायची रीत होती. ती सुटली याचं कारण आयात नाही. सुटलेली गुरं, माकडं आणि गावात न उरलेली माणसं ही त्याची कारणं. सगळ्याचं खापर बाहेरच्या मालावर फोडू नये.

मालवणी मसाल्यात तरी सगळं आपलं असतं ना?

मे महिन्यात मसाल्याची यादी घेऊन येणाऱ्या वयनींना मी हे दाखवतोच. कागदावर एकेक जिन्नस वेगळा ठेवला की कळतं. मिरची आणि धणे देशातले. लवंग मादागास्कर, श्रीलंका किंवा पूर्व आफ्रिकेकडची. बाद्यान, म्हणजे चक्रीफूल, व्हिएतनाम-चीनची. दालचिनी बहुतेक व्हिएतनाम किंवा चीनचीच.

या दालचिनीवर थोडं थांबू. बाजारात स्वस्त मिळते ती जाड, कडक, लाकडासारखी, एकाच पदराची साल. तिला कॅसिया म्हणतात. खरी दालचिनी, जी श्रीलंकेत होते, तिचे पापुद्र्यासारखे पातळ पदर एकात एक गुंडाळलेले असतात आणि बोटाने सहज मोडतात. चवीला ती सौम्य, गोडसर. कॅसियामध्ये कुमारिन नावाचं द्रव्य खूप जास्त असतं, आणि रोज चमचाभर पावडर पाण्यातून घेणाऱ्यांच्या यकृताला ते त्रास देऊ शकतं. मसाल्यात वर्षाला चार तुकडे पडले म्हणून काही होत नाही. व्हॉट्सॲपवर वाचून रोज "दालचिनीचा काढा" घेणाऱ्यांनी मात्र कुठली दालचिनी घेतोय ते बघावं.

आणि ही खरी दालचिनी आपल्या वाडीत होते! दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने "कोकण तेज" नावाची दालचिनीची आणि "कोकण सुगंधा" नावाची जायफळाची जात काढलेली आहे. नारळ-सुपारीच्या सावलीत दोन्ही चांगली येतात. मिरीचे वेल तर सुपारीच्या खोडावरच चढतात. श्रीलंका-व्हिएतनामच्या मिरीने भाव पाडू नये म्हणून डिसेंबर २०१७ पासून तिलाही किलोला ५०० रुपयांची किमान आयात किंमत आहे. एवढं संरक्षण असून आपल्या वाड्यांत मिरी कमीच दिसते, कारण शिडीवर चढून ती काढणारा गडी मिळत नाही.

सफरचंदावर मेण असतं म्हणतात. मुलांना द्यावं का?

झाडावरच्या सफरचंदालाही थोडं नैसर्गिक मेण असतं. धुताना ते जातं, म्हणून वर लाख, मधमाशीचं मेण किंवा कार्नोबा मेणाचा पातळ थर देतात. ही मेणं खाण्याला चालणारी आणि परवानगी असलेली आहेत. कोमट पाण्यात चोळून धुवा किंवा साल काढा. चिकटवलेल्या स्टिकरवरच्या आकड्यांबद्दल बरीच दंतकथा पसरवली जाते. चार आकडी म्हणजे नेहमीच्या पद्धतीने पिकवलेलं, ९ ने सुरू होणारा पाच आकडी म्हणजे सेंद्रिय. स्टिकर काढून त्याखालची जागा नीट धुवा.

स्वस्त इराणी सफरचंदाने काश्मीर-हिमाचलच्या बागायतदारांचं कंबरडं मोडू लागलं, तेव्हा मे २०२३ मध्ये किलोला ५० रुपयांची किमान आयात किंमत लावली. आपल्या काजूवाल्यांचं दुखणं तिकडे सफरचंदवाल्यांना कळेल.

बंदरात तपासणी होते की नुसता शिक्का मारतात?

देशात येणाऱ्या खाण्याच्या मालाचा मोठा भाग आपल्याच किनाऱ्यावर उतरतो: उरणजवळ, न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात. हे बंदर १९८९ पासून चालू आहे. तिथे सीमाशुल्क विभागाखेरीज दोन तपासण्या असतात. अन्न सुरक्षा प्राधिकरण म्हणजे एफएसएसएआय कागदपत्रं, लेबल आणि गरज पडल्यास नमुना तपासतं. बी, फळं, धान्य, मसाले यांच्यासाठी वनस्पती क्वारंटाइनवाले कीड-रोग पाहतात. मूळ देशाचा आरोग्य दाखला नसेल तर माल अडकतो.

प्रत्येक कंटेनर उघडून नमुना काढतात असं नाही. जोखीम पाहून निवडतात. म्हणून गिऱ्हाइकाने लेबल वाचणं सुटत नाही. पाकिटावर मूळ देश, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, १४ आकडी परवाना क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी खूण हवीच. माल बंदरातून सुटतानाच त्याच्या आयुष्यातला ६० टक्के काळ किंवा तीन महिने, यातलं जे कमी असेल तेवढं शिल्लक असावं लागतं. त्यामुळे "इम्पोर्टेड" चॉकलेट निम्म्या किमतीत मिळत असेल तर तारीख वाचा. त्यावर आयातदाराचं स्टिकरच नसेल, तर ते कुणाच्या तरी बॅगेतून आलेलं आहे आणि त्याची तपासणी कुणीच केलेली नाही.

मालाबरोबर कीड येते का?

येते, आणि हा तोटा पैशात मोजता येत नाही. रस्त्याकडेचं काँग्रेस गवत १९५०च्या दशकात पुण्याकडे प्रथम नोंदलं गेलं आणि ते अमेरिकेच्या मदतीच्या गव्हाबरोबर आलं असं मानतात. अलीकडचं उदाहरण माडाचं. मूळची मध्य अमेरिकेतली चक्राकार पांढरी माशी २०१६ मध्ये तामिळनाडूत पोल्लाचीला दिसली आणि किनाऱ्याकिनाऱ्याने पसरली. झावळीच्या खालच्या बाजूला पांढरे मेणचट वर्तुळाकार ठिपके आणि खालच्या पानांवर काजळीसारखी बुरशी दिसली की ती आलीच समजा. परदेशातून येताना पिशवीत "एवढंसं रोप" किंवा बी घेऊन येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एखादा माड वाचवायला फवारणी जमेल, अख्खी वाडी फवारणं कुणाच्या बापाला जमत नाही.

मासेबंदीत बासा खावा का?

१ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा हॉटेलांत बासा दिसतो. मूळ व्हिएतनामच्या मेकाँग नदीतला हा मासा. आता आंध्रातल्या तळ्यांतही तो वाढवतात. त्याला काटा नाही, वास नाही, आणि माझ्या मते चवही नाही. पण बंदीत लहान मासळी चोरून धरण्यापेक्षा तो बरा. घरी सुकट, सोडे, जवळा असताना हॉटेलात पैसे घालायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

जहाजाने आलेलं खाणं म्हणजे प्रदूषण जास्त, हे खरं का?

किलोमागे, मैलामागे पाहिलं तर जहाज ट्रकपेक्षा फार कमी धूर सोडतं. खरा धूर विमानाचा. त्या हिशोबाने डिसेंबरचा मलावी आंबा महाग पडतो, आणि कॅनडाची मसूर त्यामानाने स्वस्त.

आपला माल बाहेर जातो तेव्हा ते देशही असंच वागतात का?

त्याहून कडक. अमेरिकेने १९८९ ते २००७ अशी अठरा वर्षं आपला आंबा घेतला नाही. लासलगावच्या केंद्रात विकिरण करून, म्हणजे कीड मारायला फळांवर किरणांचा मारा करून द्यायची तयारी झाल्यावर दार उघडलं. जपानने २००६ मध्ये घेतला तो बाष्पाची उष्णता देण्याच्या अटीवर. पेट्यांत फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये आपला हापूस बंद केला आणि २०१५च्या सुरुवातीला परत उघडला. तेव्हा शिव्या खूप घातल्या, पण त्या बंदीनंतरच बागांत फळमाशीचे सापळे लावायला आणि वाशीच्या केंद्रात प्रक्रिया करून माल पाठवायला लोक गंभीर झाले. तसंच काटेकोरपण न्हावा शेव्यात आपण दाखवलं तर कुणाला बोलायला जागा नाही.

पूर्वी लोक गावचंच खायचे ना?

१९७२च्या दुष्काळात राज्यात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची. ती खाल्लेली माणसं अजून आहेत, त्यांना विचारा. आवडली असं कुणी म्हणणार नाही, आणि नको होती असंही म्हणणार नाही. आणि ज्या काजूवरून आपण एवढं भांडतो, तो स्वतः ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला. मिरची, अननस, पपई, पेरू हेही त्याच वाटेने आले.

यंदा बी लगेच घालावी की थांबावं?

हा प्रश्न खरं म्हणजे आयातीचाच आहे. पश्चिम आफ्रिकेची जहाजं किती आणि कधी लागतात यावर मे महिन्यातला भाव ठरतो, आणि ते आमच्यासारख्या लहान व्यापाऱ्याला आधी कळत नाही. थांबायचं असेल तर बी दोन-तीन कडक उन्हं देऊन वाळवा, ओली-सुकी एकत्र करू नका, तागाच्या गोणीत भरा आणि गोणी जमिनीला किंवा भिंतीला टेकू देऊ नका, खाली फळ्या टाका. सगळी बी एकदम न घालता निम्मी आता, निम्मी नंतर असं केलं तर भाव पडला तरी पूर्ण मार बसत नाही. पावसाळी हवा लागली की बी ओल धरते आणि चिरल्यावर गर पिवळा दिसतो. मग भाव वाढला तरी तुमच्या गोणीला तो मिळणार नाही. तेव्हा जून लागायच्या आत काय ते ठरवा.